कर्नाळा, दोघांनीच: रहस्यकादंबरीच्या कसोटीवर पनवेलजवळचं जंगल

जंगलात चालायला निघालेलं नवरा-बायकोचं जोडपं. दोघांच्याही मनात काहीतरी दडवलेलं. फोनला रेंज नाही, वाट चुकलेली, आणि शेवटी दोघांपैकी एकच जण खाली उतरतो. या साच्यातल्या रहस्यकादंबऱ्या ठाणे-पनवेल लोकलमध्ये बसून वाचायला झकास. घणसोली कधी गेलं ते कळत नाही. पण त्यांतलं जंगल आपलं नसतं. तिथे सूचिपर्णी झाडं असतात, अस्वलं असतात आणि चार-चार दिवस तिसरा माणूस दिसत नाही. सह्याद्रीत नेमानं फिरणाऱ्याला वाचताना सारखं वाटत राहतं, की लेखकानं धोका भलत्याच जागी नेऊन ठेवलाय.

म्हणून हे परीक्षण जरा तिरकं आहे. विषय कर्नाळा: पनवेलपासून साधारण १२ किलोमीटरवरचं पक्षी अभयारण्य आणि त्याच्या पोटातला किल्ला. कसोटी मात्र त्या कादंबरीची. दोघंच जण गेले तर इथे काय लपतं, काय लपत नाही, आणि खरोखर जिवावर बेतेल असं काय आहे? निकाल आधीच सांगून टाकतो. गुपितं जपायला ही जागा कुचकामी आहे. भीती भरपूर आहे, पण ती कादंबरीकार कधी बघत नाहीत अशा जागी बसली आहे. शब्दशः बसली आहे, सुळक्याच्या कातळाला लटकून. त्याकडे येऊच.

पोहोचणं सोपं. ठाण्याहून ट्रान्स-हार्बरची थेट पनवेल लोकल धरली तर तासाच्या आत पनवेल. वाशी-नेरूळकरांना तर हार्बरही आहे. पनवेल स्टेशनपासून एसटी स्थानक चालत गाठता येतं, आणि तिथून पेण, अलिबाग, रोह्याकडे जाणाऱ्या गाड्या मुंबई-गोवा महामार्गानं कर्नाळ्यावरूनच जातात. तिकीट काढण्याआधी वाहकाला ‘कर्नाळा अभयारण्याला थांबणार का’ हे विचारून घ्या. सगळ्या गाड्या थांबत नाहीत, आणि पुढच्या थांब्यावरून महामार्गाच्या कडेनं मागे चालत येणं हा या सहलीतला सगळ्यात वाईट ट्रेक आहे. अवजड वाहनं अंगावरून जातात, बाजूला पदपथ नाही. जाताना किंवा येताना एकदा हा महामार्ग ओलांडावाच लागतो. तेवढ्या वेळापुरते कानातले इअरफोन काढा.

आता फाटक. तिकीट माणशी, गाडीचं वेगळं, कॅमेऱ्याचं वेगळं. दर फाटकावरच्या फलकावर असतात. कर्नाळ्याची खरी ओळख मात्र प्लास्टिकच्या मोजदादीनं होते. पिशव्या उघडायला लावतात, पाण्याच्या बाटल्या, वेफर-बिस्किटांची पाकिटं मोजतात, नग लिहून घेतात आणि त्यावर अनामत ठेवून घेतात. परत येताना तितकेच नग दाखवले की पैसे परत. रविवारी सकाळी यात बराच वेळ जातो, आणि रांगेत उभं राहिलेली माणसं कुरकुरतात. आमच्या मते ही पद्धत या अभयारण्यातली सगळ्यात चांगली गोष्ट आहे. वेळ वाचवायचा तर घरूनच स्टीलच्या बाटल्या, डबा आणि कापडात गुंडाळलेल्या दशम्या घेऊन निघा. मोजायला काही उरलं नाही की दोन मिनिटांत आत.

आणि इथेच कादंबरीकाराची पंचाईत सुरू होते. ज्या सॅकच्या तळाशी नवऱ्यानं विषाची कुपी, दोर किंवा दुसऱ्या बाईचं पत्र लपवलेलं असतं, ती सॅक वनखात्याच्या माणसासमोर आणि बायकोच्याच डोळ्यांदेखत पहिल्या पाच मिनिटांत रिकामी होते. वर हातात पावतीही पडते. दोघं आत गेल्याचा हा कागदोपत्री पुरावा.

रेंजचंही तेच. आतल्या खोलगट भागात फोन रडतो, पण धारेवर, म्हणजे डोंगराच्या कण्यावर आलं की सिग्नल येतो, कारण खाली महामार्ग आणि पनवेलपर्यंतची वस्ती आहे. फोन बंद ठेवला तर तो कुठल्या टॉवरवरून, किती वाजता गायब झाला हेही मोबाइल कंपनीच्या नोंदीत राहतंच, आणि पोलीस पहिल्यांदा तेच मागवतात. ‘तिथे नेटवर्कच नव्हतं’ हे वाक्य कर्नाळ्यावर कुठलाही तपास अधिकारी ऐकून घेणार नाही. खऱ्या अडचणीत मात्र हीच गोष्ट उपयोगाची. आपल्या कंपनीची रेंज नसली तरी दुसऱ्या कंपनीच्या टॉवरवरून ११२ हा आपत्कालीन क्रमांक लागू शकतो. फोनमधला जीपीएस इंटरनेटशिवाय चालतो, फक्त नकाशा घरून उतरवून घेतलेला हवा. नाहीतर पडद्यावर निळा ठिपका दिसतो आणि त्याच्याभोवती नुसतं करडं मैदान.

किल्ल्याची वाट अशी. फाटकापासून आतल्या डांबरी रस्त्यानं थोडं चाललं की पायवाट सुरू होते, आणि सुरुवातच दमछाक करणारी. पहिला टप्पा गच्च झाडीतला उभा चढ. इथे वारा नसतो. समुद्र जवळ असल्यामुळे हवेत दमटपणा इतका, की घाम सुकतच नाही, आणि घाम सुकला नाही तर शरीर थंड होत नाही. बहुतेक लोक किल्ल्यावर हरत नाहीत, इथेच हरतात. हा चढ संपला की माणूस सोंडेवर येतो. पुढे धारेवरून बरंचसं सपाट चालणं, मध्येमध्ये छोटे चढ, आणि झाडीतून एकदम समोर येणारा सुळका. मग कर्णाई देवीचं देऊळ, कातळातल्या पायऱ्या, एकामागून एक दरवाजे आणि वाड्याचे अवशेष. एकूण दीड ते दोन तास चढायला; सवय नसलेल्यांनी अडीच धरावेत. किल्ल्याची उंची समुद्रसपाटीपासून १,४०० फुटांच्या थोडी वर. आकडा ऐकून लोक हसतात. पण सुरुवात बरीच खालून होते, त्यामुळे ती बहुतेक सगळी पायांनी चढावी लागते. घाटमाथ्यावरच्या अर्ध्या उंचीवरून सुरू होणाऱ्या किल्ल्यांशी तुलना करून काही उपयोग नाही.

वाट मळलेली आहे, तरी चुकते. कारण ढोरवाटा. आसपासच्या वाड्यांतल्या लोकांच्या आणि गुरांच्या वाटा मुख्य वाटेला फुटतात, आणि पहिली पन्नास पावलं त्या मूळ वाटेइतक्याच ठसठशीत दिसतात. ओळखायची खूण सोपी आहे. किल्ल्याच्या वाटेवर दगड बुटांनी घासून गुळगुळीत झालेले असतात आणि दुर्दैवानं कुठेतरी चॉकलेटचा कागदही सापडतो. ढोरवाटेवर शेण असतं, आणि कमरेच्या उंचीला फांद्या आडव्या येतात, कारण गुरं खालून जातात. पाच मिनिटं झाली आणि घासलेला दगड दिसला नाही, तर मागे फिरायचं. शेवटची खात्रीची खूण जिथे होती तिथपर्यंत. आडवं कापून ‘वाट तिकडेच मिळेल’ असं म्हणणाऱ्या जोडीदाराचं ऐकू नये, मग लग्नाला कितीही वर्षं झालेली असोत.

परदेशी कादंबरीत वाट चुकलेलं जोडपं ओढा शोधतं आणि त्याच्या कडेनं खाली उतरत वस्ती गाठतं. सह्याद्रीत हाच सल्ला जीव घेतो. आपला डोंगर म्हणजे लाव्हाचे एकावर एक थर. पाणी त्या थरांच्या कडांवरून टप्प्याटप्प्यानं उड्या मारत खाली येतं. त्यामुळे नळीत, म्हणजे ओढ्याच्या अरुंद घळीत उतरलेला माणूस पहिले दोन टप्पे बसून, घसरून कसाबसा पार करतो आणि तिसऱ्यावर पन्नास-साठ फुटांचा सरळ कडा येतो. आता खाली जाता येत नाही, आणि मघाशी घसरत आलेले दोन टप्पे वर चढता येत नाहीत. सह्याद्रीत बचावपथकांना अडकलेली माणसं बऱ्याचदा अशाच जागी सापडतात. वाट हरवली तर धारेवर, म्हणजे वर जायचं. तिथे दिसतंही आणि फोनही लागतो.

आवाजांबद्दल थोडं, कारण थरार निम्मा कानातूनच येतो. पावसाळ्याच्या तोंडावर पहाटे एखादा मुलगा झाडीत बसून आळसावत शीळ घालतोय असं वाटलं, तर तो शीळकरी कस्तूर. सूर लांबवतो, मध्येच विसरल्यासारखा थांबतो, पुन्हा सुरू करतो. अनोळखी माणसाच्या अंगावर काटा यावा इतका माणसासारखा. भांगराज कोतवाल दुसऱ्या पक्ष्यांच्या नकला करतो. आणि कुत्रा भुंकल्यासारखा एकच खणखणीत आवाज थोड्या-थोड्या वेळानं येत राहिला तर ते भेकर. कुणीतरी पाठलाग करतंय या प्रसंगासाठी लेखकाला यापेक्षा जास्त काय हवं? वाळक्या सागाच्या पानांवरून नुसता सरडा पळाला तरी माणूस चालत आल्यासारखं वाजतं.

किल्ल्याचा इतिहास फलकावर आणि पुस्तकांत सापडेल, म्हणून इथे दोनच ओळी. बोरघाटातून कोकणात उतरणाऱ्या वाटांवर नजर ठेवायला ही जागा मोक्याची होती. १६७० मध्ये शिवाजी महाराजांनी ती मोगलांकडून घेतली, १८१८ मध्ये इंग्रजांनी. वासुदेव बळवंत फडक्यांचे आजोबा इथले किल्लेदार होते, आणि फडक्यांचं शिरढोण गाव महामार्गावर पनवेलकडे परतताना लागतं.

वर गेल्यावर सुळक्याच्या पायथ्याशी कातळात खोदलेली टाकी ओळीनं आहेत. पाणी थंडगार दिसतं, मोह होतो. पिऊ नका. वरून उघडं, कडेला वाळलेली पानं, माकडांची ये-जा, पर्यटकांचे हात-पाय. अगदीच वेळ आली तर फडक्यातून गाळून क्लोरीनची गोळी पाकिटावर लिहिलेल्या मापानं टाकून अर्धा तास थांबायचं. गढूळ पाण्यात गोळीचा प्रभाव कमी पडतो, म्हणून गाळणं आधी. त्यापेक्षा घरून माणशी तीन लिटर न्यावं. दोन लिटर पुरतं असं सांगणारे डिसेंबरातल्या पहाटेबद्दल बोलत असतात. मार्चनंतर चार. ओआरएसचं एक लिटरचं पाकीट आख्खं एक लिटरमध्ये टाकायचं. अर्धं टाकून अर्धं पुढच्या वेळेला, किंवा जास्त ताकद हवी म्हणून अर्ध्या लिटरमध्ये पूर्ण, या दोन्ही गोष्टी चुकीच्या. दाट झालं तर पोटात मळमळतं आणि उलट पाणी कमी होतं.

आता सुळका. सुमारे १२५ फुटांचा सरळसोट बेसाल्ट, लांबून हाताच्या अंगठ्यासारखा दिसणारा. त्याच्या कपारींना आग्यामोहोळं लटकलेली असतात: काळपट, अर्धवर्तुळाकार, काही परातीएवढी, काही त्याहून मोठी. या माश्या पेटीतल्या पाळीव माश्या नव्हेत. पोळं उघड्यावर असतं, त्यामुळे त्याचं रक्षण करायला सगळी वसाहत एकदम उठते आणि शेकडो मीटर पाठलाग करते. कर्नाळ्यावर माश्यांच्या हल्ल्यात ट्रेकर जखमी झालेले आहेत, एकदा-दोनदा नव्हे. तरीही दर सुट्टीच्या दिवशी सुळक्याच्या खाली उभं राहून ‘जय भवानी’चा प्रतिध्वनी ऐकणारे दिसतात.

त्या कशानं उठतात याची यादी डोक्यात पक्की हवी. धूर, मोठा आवाज, घरंगळणारा दगड, पोळ्यावर पडलेली सावली, ड्रोनचा घरघराट, आणि उग्र अत्तर किंवा डिओ. गडद कपडे त्यांना आधी दिसतात, म्हणून खाकी किंवा फिकट रंग बरे. एक माशी चावली की तिच्या नांगीतून इशाऱ्याचं रसायन सुटतं. त्याला पिकलेल्या केळ्यासारखा वास येतो, आणि तो वास बाकीच्यांना बोलावतो. म्हणून पहिला दंश झाला की तिथेच उभं राहून हात झाडणं हा सगळ्यात मोठा गाढवपणा. हाताच्या हालचालीनं त्या जास्त चवताळतात आणि मारलेल्या माशीमुळे वास आणखी पसरतो.

करायचं काय? ओढणी, जर्किन, सॅक, जे असेल ते तोंडावर आणि मानेवर. नाक-कान झाकून आल्या वाटेनं दाट झाडीकडे, पण पायऱ्यांवर पळायचं नाही. कड्यालगत पळून पडणं हे दंशांपेक्षा जास्त घातक. टाक्यात उडी मारू नका. श्वास घ्यायला डोकं वर काढलं की माश्या तिथेच असतात. सुरक्षित जागी पोचल्यावर नांग्या लगेच काढायच्या. नखानं, कार्डानं, चिमट्यानं, कशानंही. खरवडायचं की चिमटीत धरायचं हा वाद फोल आहे, कारण विषाची पिशवी तेवढ्या वेळात स्वतःहून रिकामी होत असते आणि खरा फरक पडतो तो सेकंदांनी. मग थंड पाणी.

ओठ-जीभ सुजणं, आवाज घोगरा होणं, अंगभर गांधी (खाजणारे लाल चट्टे), उलटी, चक्कर, धाप. यांतलं काहीही दिसलं तर ती ॲलर्जीची गंभीर प्रतिक्रिया आहे आणि तिला सेट्रिझिनची ॲलर्जीवरची गोळी पुरत नाही. गोळी खाज कमी करते, श्वास वाचवत नाही. त्यावर उपाय एकच, मांडीच्या स्नायूत ॲड्रेनलिनचं इंजेक्शन, आणि ते डॉक्टरकडे मिळतं. म्हणून १०८ (रुग्णवाहिका) किंवा ११२ आधी, गोळी नंतर. आधी कधी माशी चावून अंग सुजलं असेल अशा माणसानं सुळक्याखाली जाऊच नये. देवळापासूनही किल्ला छान दिसतो.

खुनासाठी हे हत्यार कसं? कादंबरीकारांना मोह होईल: नवरा पोळ्यावर दगड मारतो आणि बाजूला होतो. होता येत नाही. माश्यांना दगड कुणी मारला ते कळत नाही, आणि मारणारा त्यांच्यापासून पन्नास फुटांवरच उभा असतो. दोघांना दंश होतील, आणि ज्याला ॲलर्जी असेल तो आधी जाईल. आता दडवलेलं गुपित हे, की ॲलर्जी आपल्यालाच आहे आणि ते त्याला स्वतःलाही ठाऊक नाही. हे मात्र कुणीतरी लिहावं. पहिल्या दंशानं नुसती सूज येते आणि पुढच्या खेपेला जिवावर बेततं, हे वैद्यकीयदृष्ट्या खरं आहे.

कड्यावरून ढकलण्याबद्दल: कर्नाळ्यावर त्यासाठी जागा फार थोड्या. धारेवर दोन्ही बाजूंना झाडी आहे, घसरलं तरी माणूस पाच-दहा फुटांवर झुडपात अडकतो. उघडा कडा लागतो तो दरवाज्याजवळच्या कातळपायऱ्यांपाशी आणि सुळक्याभोवती. तिथे सुट्टीच्या दिवशी इतकी गर्दी असते, की ढकलणाऱ्याला आधी रांगेत उभं राहावं लागेल. अपघात मात्र खूप साध्या कारणांनी होतात. पावसाळ्यात कातळावरचं शेवाळ, आणि हिवाळ्यापासून पुढे उतारावर साचलेली सागाची वाळकी पानं. पानांखाली मुरमाड घसारा, म्हणजे सुटी खडी-माती असते, दोन्ही मिळून गोट्यांवर चालल्यासारखं होतं. उतरताना छोटी पावलं, गुडघा किंचित वाकलेला, वजन पुढच्या पायावर. भीतीनं मागे झुकलं की टाच सुटते आणि मनगटावर पडणं होतं. ट्रेकमधली मोडलेली मनगटं बहुतेक अशीच. बुटाचा तळवा नखानं दाबला जावा इतका मऊ रबरी हवा. चालायला म्हणून घेतलेले, तळवा झिजून काचेसारखे झालेले स्पोर्ट्स शूज इथे चपलेपेक्षा वाईट.

आता या सगळ्या प्रकाराचा गाभा, तो म्हणजे दोघंच जाणं. कादंबरीला दोघं हवे असतात कारण तिसरा साक्षीदार नको. डोंगरात दोघं नको असतात त्याचंही कारण तेच. ट्रेकिंगच्या संस्थांमध्ये किमान चारचा दंडक असतो आणि त्यामागचा हिशेब सरळ आहे. एक जखमी झाला, तर एकानं त्याच्यापाशी थांबायचं आणि दोघांनी मिळून मदत आणायला जायचं, म्हणजे एकटं कुणीच पडत नाही. दोघांमध्ये एकाचा पाय मुरगळला तर दुसऱ्यासमोर दोनच पर्याय, आणि दोन्ही वाईट: थांबायचं तर मदत येत नाही, जायचं तर जखमी एकटा. कादंबरीतला सगळ्यात भेदक प्रसंग खरं तर हाच असायला हवा. ‘मी तासाभरात येतो’ म्हणून तो निघतो, आणि तिला त्याचं खरंच वाटत नाही.

तरीही जोडपी दोघंच जातात, जाणारच. मग एवढं तरी पाळावं. कुठे जातोय आणि किती वाजता फोन करणार हे घरी तिसऱ्या माणसाला सांगून ठेवायचं. ‘संध्याकाळी येऊ’ असं मोघम नको, ‘पाच वाजेपर्यंत फोन नाही आला तर ११२ ला कळव’ असं नेमकं. पाणी, विजेरी, क्रेप बँडेज आणि खाणं दोघांच्या सॅकमध्ये वेगवेगळं. सगळं सामान एकाच्याच पाठीवर असेल, तर ताटातूट झाल्यावर दुसऱ्याकडे काहीच राहत नाही. पॉवरबँक एकाकडे आणि केबल दुसऱ्याकडे हा प्रकार तर घरोघरचा. एकमेकांच्या औषधांची, ॲलर्जीची आणि रक्तदाबाची माहिती असावी. इथे गुपित ठेवणं हा खरा गुन्हा. जखमीला सोडून जावंच लागलं, तर त्याला सावलीत बसवा, पाणी आणि शिट्टी हाताशी द्या, फोनवरून त्या जागेचे अक्षांश-रेखांश टिपून घ्या आणि मगच निघा. डोंगरात संकटाचा इशारा मिनिटाला सहा शिट्ट्या, मग एक मिनिट शांतता. जखमीनं आरडाओरडा करत घसा सुकवू नये.

उन्हाळ्यात याहून फसवी गोष्ट म्हणजे उष्माघात. चिडचिड, असंबद्ध बोलणं, हेकटपणा ही त्याची पहिली लक्षणं आणि जोडीदाराला ती नेहमीचं भांडण वाटतात. एरवी शांत माणूस चढावर अचानक भांडायला लागला तर वाद घालू नका. सावलीत बसवा, कपडे ओले करा, पुठ्ठ्यानं वारा घाला. शुद्ध नीट असेल तरच पाणी पाजा.

किरकोळ त्रासांत खाजकुइली. हिवाळ्यात तिच्या वाळक्या शेंगांवरची सोनेरी लव वाऱ्यानं उडते आणि मानेवर बसली की माणूस नाचतो. चोळू नका, पाणी लावू नका. आधी चिकटपट्टी चिकटवून लव उपटून काढा. माकडं खाण्यावर झडप घालतात, पिशवी हातात लोंबकळत नेऊ नये. पावसाळ्यात हिरव्या फांदीला हात घालण्याआधी बघा, चापडा साप तिथे अगदी त्याच रंगात बसलेला असतो.

ज्यांना किल्ला झेपणार नाही त्यांच्यासाठी हरियाल आणि मोरटाका या दोन निसर्गवाटा आहेत. हरियाल छोटी, मोरटाका लांब. पक्ष्यांसाठी किल्ल्यापेक्षा याच चांगल्या. १९६८ मध्ये साडेचार चौरस किलोमीटरपेक्षा कमी जागेवर सुरू झालेलं हे अभयारण्य नंतर वाढून सुमारे १२ चौरस किलोमीटर झालं. पावसाळ्याच्या सुरुवातीला ओढ्याकाठच्या मातीत तिबोटी खंड्या बिळं करतो. मुठीत मावेल एवढा पक्षी, रंग मात्र होळीचे. बिळासमोर कॅमेरे लावून बसणाऱ्यांमुळे तो पिलांना भरवायला येत नाही, तेव्हा दुरून बघा आणि पुढे व्हा. फेब्रुवारी-मार्चमध्ये सावर, पांगारा फुलले की एकाच झाडाखाली अर्धा तास बसून जितके पक्षी दिसतात तितके चालून दिसत नाहीत.

गुण द्यायचेच तर जंगलाला पाचांपैकी चार, किल्ल्याच्या वाटेला साडेतीन, प्लास्टिकच्या व्यवस्थेला पाच, रविवारच्या गर्दीला एक. महामार्गाच्या हॉर्नचा आवाज पहिल्या टप्प्यात पाठ सोडत नाही, त्याचा अर्धा गुण जंगलाच्या चारांतून आधीच कापलाय. आठवड्याच्या मधल्या दिवशी, नोव्हेंबर ते फेब्रुवारीत, फाटक उघडताच आत शिरलात तर हीच जागा पूर्ण वेगळी. जोरदार पावसात टाळावी. जिल्हा प्रशासनाचे मनाई आदेश आहेत का तेही निघण्याआधी बघा. वर मुक्काम करायला मिळत नाही, चूल पेटवायची नाही. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमाराला मावळतो आणि झाडीत त्याच्या अर्धा तास आधीच अंधारतं, म्हणून दुपारी दोनच्या पुढे वर थांबू नये.

परतीची एसटी पकडण्याआधी फाटकावर प्लास्टिकचे नग दाखवून अनामत घ्या. पावती सॅकच्या तळाशी नको, वरच्या कप्प्यात. आणि ती कुणाच्या नावावर केली होती, हे दोघांच्याही लक्षात असू द्या.